गिरनीचं इंजन पान्यावर

मी परसराम. तांडा आमचा इसापूरच्या धरणाच्या अलीकडच्या काठाला, तालुका कळमनुरी. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे म्हनतात, मी काही ते पाहिलं न्हाई, मला कळाया लागलं तवा बाप ज्वारी पेरत व्हता आन मला ज्वारीत काडीचा रस न्हवता, खोटं कशाला बोलू ताई. मला इंजनाचा आवाज आवडायचा. कुठं विहिरीवर इंजन फटफटलं की मी शाळा सोडून तिथं. शेवटी लग्न झाल्यावर बापानं हात टेकले आन तांड्यात गिरनी टाकून दिली, आठ घोड्याचं डिझेल इंजन, लांब पट्टा आन दगडाची चक्की. तो पट्टा आमी आढी घालून चढवायचो. आढी म्हंजे कसं, मधी एक पीळ, आठाच्या आकड्यावानी. त्यानं काय व्हतं, इंजन एकीकडं फिरतं आन चक्की दुसरीकडं. आमच्या चक्कीला तसंच लागायचं. तीस वर्षं मी रोज तो पट्टा चढवला, पन आढी काहून घालायची ह्याचा इचार एकदाबी केला न्हाई. हात आपला करायचा, डोकं रिकामं.

मंग विजेच्या चक्क्या आल्या, घराघरात आल्या, आन माझी गिरनी बंद पडली. सात वर्षं झाली त्याला. इंजनावर ताडपत्री टाकली. मी इकडं तिकडं कामाला जायचो, पन काय सांगू तुमाला, घरी आलो की कुनाशी बोलाया मन व्हायचं न्हाई, ताडपत्रीकडं पाठ करून बसायचो. कमळा, माझी मालकीन, ती काही म्हनायची न्हाई. ताट वाढायची आन शिवत बसायची.

कमळाचं माहेर पान्याच्या पार शेवटाला, पलीकडच्या अंगाला, पुसदच्या बाजूचा तांडा. पान्यानं पाहिलं तर सरळ, पन लांब, सडकेनं गेलं तर तीन गाड्या बदला आन दिवस घालवा. आन हिला अलीकडं गाडी लागते. बसमधी बसली की उलटी, हे सगळ्या सोयऱ्या-धायऱ्यांना ठाऊक. त्यापायी ती सात वर्षं माहेरी गेली न्हाई. तिकडं तिची आई, आमी आईला याडी म्हनतो, ती म्हातारी झालेली, डोळे चाललेले. यंदा पान्याचे दिवस सरता सरता कमळाच्या भावानं फोन लावून दिला, त्यात तोंडबी दिसतं, तर म्हातारी फोनवरच भांडली. म्हनली, ह्या डबीतली लेक मला नको, मला काही दिसून न्हाई राहिलं ह्यात, डाक्टर म्हनतो थोडे दिस उजेड हाय, तेवढ्यात येऊन तोंड दाखव न्हाई तर राहू दे. फोन ठेवला आन कमळा चुलीपाशी बसली, आन असंच, माझ्याकडं न पाहता म्हनली, तुमचं ते इंजन पान्यावर चाललं असतं तर मी सरळ गेले असते माहेरी.

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला.

बाळापूरच्या बाजाराला मिलिंद मिस्तरी हाय, लेथवाला, माझा जुना दोस्त. त्यानं भंगारातून पंखा हुडकला, पंख्याचा दांडा लेथवर घासून दिला. पंखा म्हंजे बोटीच्या मागं पान्यात फिरतो तो. पत्र्याची जुनी बोट भोयांकडून घेतली, डांबर लावलं, इंजन मधी बसवलं, पंख्याच्या दांड्याला चाक आन इंजनाला चाक, मधी आपला पट्टा. इंजन गार करायला टाकी लागत न्हाई, सगळं धरणच आपलं. पन पट्टा चढवताना मला वाटलं, हितं चक्की थोडीच हाय, आढी कशाला, उगं पट्टा घासतो. सरळ चढवला.

त्या दिशी सगळा तांडा काठावर. तांड्याच्या नायकानं नारळ फोडला, पांढरंशुभ्र धोतर नेसून बोटीच्या मागं गुडघाभर पान्यात उभे व्हते, ढकलायला हात लावून. मी हँडल मारलं. इंजन सात वर्षांनी बोललं, फट फट फट. आन बोट निघाली. पन पुढं न्हाई, मागं. नायक चिखलात बसले, धोतराचं काय झालं ते सांगत न्हाई, बोट काठावर चढली आन पंखा हवेत. लोकं हसून हसून लोळले. तवापासून पोरंसोरं मला उलटा परसराम म्हनतात. नायक मातर चांगला मानूस, चिखलातूनच म्हनले, परसराम, बोटीला घर सोडवत न्हाई रे.

मिस्तरीला फोन लावला. तो इकडून तिकडून इचारून शेवटी म्हनला, अरे येड्या, पट्ट्याला आढी हाय का? मी कपाळावर हात मारला. पीळ घालून चढवला तर बोट बराबर पुढं पळाया लागली. तीस वर्षांनी मला आढीचा अर्थ कळला पाहा. आता आमचं असं, आढी घातली की पुढं आन सरळ केला की मागं, बिरेकबी न्हाई आन गेअरबी न्हाई.

कमळा काठावरून पाहत व्हती. म्हनली, नक्की पुढंच जाईल ना? मी माहेराकडं तोंड करून जाईन, पाठ करून जानार न्हाई.

मंग एक दिवस सकाळी निघालो, दोघंच. भाकरी, चटनी, डिझेलचा डबा, हत्यारं, पट्टा घसरू नये म्हनून लावायची राळ, आन तिची ती शिवनकामाची पिशवी, ती तिच्या काखेतून सुटत न्हाई. दोन दिवसांचा परवास. पहिल्या तासातच वारा सुटला, पानी उडून पट्टा भिजला आन घसराया लागला, इंजन वरडतंय आन बोट जाग्यावर. पट्टा पुसायचा, राळ लावायची, दहा मिनिटं चालायचं, पुन्हा तेच. शेवटी कमळानं ताडपत्री इंजनावर आडवी धरली. दुपारपर्यंत धरून बसली, हात भरून आले तिचे, पन म्हनली, चला तुमी.

दुपारी पंख्यात कुनाचं तरी जाळं गुतलं. मी पान्यात उतरून इळ्यानं कापाया लागलो तर ही वरून वरडली, कापू नका, कुनाच्या तरी पोटाचं हाय. मंग बोट काठाला ओढली आन ही बसली गाठी सोडवत. एक एक गाठ. मी चिडून चिडून थकलो, उन्हं कलली, तवा जाळं निघालं, अख्खं. जाळंवाला भोई तेवढ्यात शिव्या देतच आला, पन जाळं पाहून आमाला त्याच्या खोपीवर मुक्कामाला घेऊन गेला. सकाळी निघताना मासे दिले, वर नायलॉनच्या दोऱ्याचं एक बंडल दिलं.

दुसऱ्या दिशी पान्याच्या बराबर मधी पट्टाच तुटला. फाटकन आवाज झाला आन इंजन मोकळं पळाया लागलं. बंद केलं. वारा समोरून, बोट माघारी चालली, जिथून आलो तिकडं. मी वल्हं घेतलं, पन पत्र्याची बोट, वर इंजनाचं वजन, काय हलतीय. मी म्हनलं, कमळे, राहिलं आता, वारा नेईल तिकडं जाऊ, तुझ्या आईचं नशीब. खरंच म्हनलो मी असं. तिनं माझ्याकडं पाहिलंबी न्हाई. पिशवीतून दाभन काढलं, नायलॉनचा दोरा काढला, म्हनली, टोकं धरा. मी टोकं धरली आन तिनं ते जाड कातडं शिवलं, आमच्या बाया फेटियाच्या, म्हंजे घागऱ्याच्या, घेराला घालतात तसे दुहेरी टाके, बारीक, एकासारखे एक. मी म्हनलं, आरसे लाव आता. म्हनली, हलू नका. बोटाला दोनदा दाभन लागलं, तोंडात बोट घालायची आन पुन्हा शिवायची. पट्टा चढवला, आढी घालून. चाकावरून टाका जाताना टप टप वाजायचा, बाकी मख्खन.

सांजेच्या आत तिचा तांडा दिसला. काठावर मानसं जमलेली, भावाच्या हाताला धरून म्हातारी उभी. आता बोटीला बिरेक न्हाई, म्हनून मी इंजन लवकर बंद केलं, जरा जास्तच लवकर, बोट अलीकडंच थांबली. मी म्हनलं थांब, वल्हवतो. ती कुठली थांबती. कमरेइतक्या पान्यात उतरली आन चालत गेली.

आमच्यात ताई एक रीत हाय. बाया लई दिसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात, पन सुरात रडतात, गानं म्हनल्यावानी, आन त्या रडन्यात सगळं सांगतात, सुखाचं, दुखाचं, जे एरवी तोंडातून निघत न्हाई ते. गड्यांनी ते ऐकायचं नसतं, दूर व्हायचं. पन मी बोटीत, जानार कुठं. ऐकू येत व्हतं. म्हातारी तिच्या तोंडावर हात फिरवत व्हती, डोळे अगदी जवळ नेऊन पाहत व्हती, म्हनली, दिसलीस गं, दिसलीस. आन कमळा रडत सुरात सांगाया लागली, याडी गं, मला गाडी लागत न्हाई, खोटं बोलले मी सात वर्षं. माझ्या धन्याचं इंजन बंद पडलं, तो भिताडाकडं तोंड करून बसला, त्याला तसा सोडून मी कशी येऊ माहेराला. मी देवाला बोलले व्हते याडी, ह्याचं इंजन चालू होईल तवाच तुझ्या दारी येईन. त्याच्याच इंजनानं येईन.

दर आठवड्याला ही कळमनुरीच्या बाजाराला जीपमधी कोंबून जाती, कधी उलटी न्हाई का मळमळ न्हाई, आन माझ्या ध्यानात आलं न्हाई. सात वर्षं. तिकडं आईचे डोळे चालले तरी ही थांबली. मी इंजन पुसायच्या निमित्तानं खाली वाकलो, लई रडलो, कुनी पाहिलं नसंल असं वाटतं. म्हातारीनं मातर सगळं ऐकून लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आन हसाया लागली.

आता म्हातारीला दिसत न्हाई, पन हाय खुटखुटीत, आवाजावरून बोट वळखती. आमी दर दोन-तीन महिन्यांनी जातो. बाकीचे दिवस मी लोकांना पलीकडं नेऊन सोडतो, बाजाराला, सोयऱ्यांकडं. काही ना काही मोडतच असतं, आज पंखा, उद्या पंप, दुरुस्त करून राहिलोय, बरं चाललंय. देवानं तिचे हात असेच धड ठेवावेत, मला दुसरं काही मागायचं न्हाई. एकदा मी तिला इचारलंच. म्हनलं, येवढं मनात व्हतं तर मला एकदा तोंडानं सांगायचं तरी. तर काय म्हनली ठाऊक हाय? म्हनली, सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्याच दिशी मला बसनं माहेरी नेऊन सोडलं असतं.

आन खरं सांगतो ताई, सोडलं असतं.