सिग्नेचरमधली बाईक

हसू नका रे, तेव्हा माझी खरंच फाटली होती.

बाईकवाल्यांच्या एका फोरमवर मी चार वर्षं खोट्या नावाने लिहितोय. बाईकवर कमी, आमच्या साहेबांवर जास्त. तिथे मी त्यांचं नाव ‘खडूस म्हातारा’ ठेवलं होतं.

मग मला सिग्नेचरची हौस आली, म्हणजे आपल्या पोस्टखाली दिसते ना, ती चित्राची पट्टी. मुलुंडच्या माझ्या मित्राने, निलेशने, फोटो एडिटिंग शिकवलं. “पट्टी बारीक ठेव, फॉन्ट एकच घे आणि फोटोतून बाईक कापताना झूम करून कडेकडेने जा. घाई नको.” मी दोन तास खपलो. बाईक इतकी झकास कापली, की नंबरप्लेटसुद्धा लख्ख वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निलेशचा फोन. “अरे, ही पट्टी तुझ्या जुन्या सगळ्या पोस्टखाली पण आलीय. नंबर दिसतोय यार!”

अंधेरीच्या ऑफिसात माझी बाईक रोज साहेबांच्या गाडीशेजारी लागते. सिग्नेचर काढायला गेलो, तर पानच उघडेना. तेवढ्यात केबिनमधून हाक आली.

आत साहेबांच्या स्क्रीनवर तोच फोरम.

“तूसुद्धा इथे आहेस होय? पट्टी छान केलीयस. मलाही एक करून दे. बस इथे.”

मी माऊस धरला. “सर, नाव काय टाकू?”

साहेब चष्मा पुसत म्हणाले, “चार वर्षं माझं जे नाव लिहितोयस, तेच टाक.”