डोहाची राखण

वनकार्यालयाबाहेरच्या बाकावर ट्रकचा ड्रायव्हर परवान्यावरच्या शिक्क्याची वाट बघत बसला होता. शेजारी डोंगरातल्या वरच्या आदिवासी वस्तीचा म्हातारा कारभारी येऊन टेकला. पाठोपाठ खालच्या वस्तीची पंच बाई आली. ड्रायव्हरने डोळे मिटले, पण कान उघडेच होते.

"आलात वहिनी? मला वाटलं, कालच्या प्रकारानंतर खालची वस्ती आपल्या सामाईक अर्जावर सही करायची नाही."

"का नाही करणार? जंगल आणि नदी दोन्ही वस्त्यांनी मिळून सांभाळायची, असंच ठरलंय ना?"

"ठरलंय. डोहात तीन वर्षं मासे धरायचे नाहीत, हेही ठरलं होतं. काल तिथे जाळं टाकताना सापडले ते तुमचे मालक."

"माझेच. लपवायचं काय त्यात?"

"आमची माणसं चिडली होती. मी म्हटलं, निवाडाही मिळूनच करू."

"जाळं सकाळीच कापलं मी विळ्यानं."

"स्वतः विणलं होतं ना त्यांनी?"

"चार महिने विणत होते. उद्यापासून तेच डोहाच्या राखणीला बसतील, तुमच्या माणसांसोबत."

"तयार झाले?"

"हो म्हणाले. पण कालपासून ताटावर बसले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी कशी बसणार?"

कारभारी तिच्याकडे वळला.

"वहिनी, डोहात वीतभर मासे दिसायला लागलेत. येताना बघितले मी."

"मला काय सांगता, त्यांना येऊन सांगा."

"आज येऊ?"

"आजच या, जेवायलाच. तुम्ही बसलात तर तेही बसतील."