मोजे घेऊन मनमाडला

माझं माहेर सटाण्याच्या अंगाला, लहान खेडं, घरचा कांदा, घरची कोथिंबीर, आई शेवटपर्यंत अहिराणीच बोलली, आणि मला शाळेत चौथीपर्यंतच ठेवलं, पुढचं वाचायला शिकले ती गुळाच्या पुडीच्या कागदावरून, गूळ बाजूला आणि कागद आधी, अशी मी. ते असो. लग्न होऊन नाशकात आले ती थेट फायरच्या क्वार्टरमध्ये, आमचे हे बंबावर ड्रायव्हर होते. काय सांगू तुम्हाला, नवरा घरात हाय आणि नाय. घंटा वाजली की हातातला घास ताटात, गडी बुटात. घरी यायचे तेव्हा पाय पांढरे पडलेले, सुरकुतलेले, तासन् तास पाण्यात उभे राहून मोजे पायाला चिकटलेले असायचे, ते मी कोमट पाण्यात भिजवून सोडवायची. आगीचं काम म्हणतात, पण माझ्या डोक्यात ते ओल्या मोज्यांचंच काम बसलंय.

आणि आम्हा क्वार्टरमधल्या बायकांचा एक शिरस्ता होता. वर्दी आली, म्हणजे कुठं आग लागल्याचा फोन आला, आणि माणसं ओतलेला चहा टाकून पळाली, तर कपांवर बश्या पालथ्या घालायच्या, आणि जिनं तो चहा केला तिनं माणसं परत येईस्तोवर तिथून उठायचं नाय. पाहुणी असली तरी नाय. कोणी सुरू केलं ठाऊक नाय, देवाधर्माचं काय नाय त्यात, पण कधी कोणी मोडलं नाय.

आमचे हे गेले, आगीत नाय हो, लोकांना उगाच तसं वाटतं, साखर होती त्यांना, घरीच गेले. संतोष, माझा एकुलता एक, तो फौजेत, तोफखान्यात. ट्रेनिंगला देवळाली कॅम्पात होता तेव्हा मी बसनं डबा घेऊन जायची, हे काय, हाकेच्या अंतरावर. मग गेला तो वर, बर्फात. शेवटच्या फोनवर म्हणाला, आई, बाकी सगळं ठीक हाय, पाय तेवढे कोरडे राहत नाय. आणि त्यानंतर फोनच बंद. टीव्हीवर रोज तणाव तणाव, आणि घरात मी आणि सून वैशाली, दोघींत एक मोबाईल. वैशाली शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते. शाळेला सुट्टी, म्हणून तीपण घरात, ती मोबाईल बघायची आणि मी पुसलेली फळी परत पुसायची. बसवतच नव्हतं.

तेवढ्यात संतोषच्या युनिटातल्या एकाचा फोन आला, नांदगावकडचा पोरगा, सुट्टी संपवून दुसऱ्या दिवशी मनमाडहून संध्याकाळच्या गाडीनं परत निघणार होता. वहिनी, द्यायचं असेल ते द्या, नेतो. वैशाली म्हणाली, हे कसे हायत? तो म्हणाला, फोनवर नको, भेटल्यावर सांगतो. बास. आता तुम्हीच सांगा, असं बोलल्यावर माणसानं कसं बसायचं?

मी म्हटलं, मोजे पाठवायचे, लोकरीचे, त्याला एकट्याला नाय, त्याच्या तुकडीतल्या सगळ्या पोरांना. वैशाली म्हणाली, आई, आर्मी देते मोजे. म्हटलं, देऊ दे, मीपण देते. आणि मागायचे कोणाकडं, तर फायरवाल्यांकडं, कारण ओला मोजा काय असतो ते बंबावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाय. यांच्या जुन्या सोबत्यांना फोन लावले, ते कुठं कुठं बदलून गेलेले, त्यांनी पुढं लावले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सासूसुना पोरांच्या व्हॅनमध्ये निघालो.

नाशकातली फायर स्टेशनं आधी केली, मग देवळाली. तिथला एक म्हणतो, मावशी, नवेच पायजेत का आमचे वापरलेले चालतील, नुसत्या वासानं दुश्मन पळंल. म्हटलं, मेल्या, आपलीच पोरं पळतील आधी. दुसऱ्यानं बायकोनं विणलेले गुलाबी आणले, लाजत होता, म्हणाला घरात दुसरी लोकर नव्हती. मी म्हटलं, बुटात कोण बघतंय. मग ओझर, पिंपळगाव, मोठ्या रस्त्यानं मालेगाव. वैशाली ट्रकच्या मागं मागं गाडी चालवत होती, नजर घड्याळाकडं. मी बडबडत होते, मला भ्यायला झालं की मी बडबडते.

मालेगावात उतरायचंच नाय, खिडकीतून मोजे घ्यायचे आणि मनमाडला सुटायचं, असं वैशालीनं बजावलेलं. पण तिथल्या फायरच्या पोरांनी खुर्च्या मांडल्या, एकजण म्हणाला, मावशी, तुमनं माहेर कोनतं शे? आईची बोली किती वर्षांनी कानावर आली, मी उतरलेच. चहा टाकला होता त्यांनी, नुसतं पाणी, मला राहवलं नाय, म्हटलं सरका, मी करते. चांगला आलं ठेचून केला. कपांत ओतला आणि घंटा झाली. कापडाच्या लूमच्या कारखान्याला आग. बघता बघता सगळे बुटात, बंब दाराबाहेर, आणि माझ्यासमोर वाफाळते कप.

वैशाली म्हणाली, चला आई. माझे हात बश्या पालथ्या घालायला लागले होते. म्हटलं, मला नाय येता येणार, चहा मी केलाय. तिला शिरस्ता माहीत होता, लग्न होऊन आमच्यातच आलेली. पण असं बघितलं तिनं माझ्याकडं, म्हणाली, तिथं तो माणूस संतोषचं काय सांगणार ते माहीत नाय, आणि तुम्ही इथं बश्या राखत बसणार? मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, एकटी? म्हटलं, नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून रोज लोकांची पोरं नेतेस आणतेस, जा. गेली. मागं वळून बघितलं नाय तिनं.

मग मी आणि वॉचरूममधले रफिकभाई, फोन आणि वायरलेस सांभाळणारे. बैठो खाला, म्हणाले, खाला म्हणजे मावशी. कशी बसणार? वायरलेसवर खरखर, मधेच आवाज, पाणी संपत आलंय, दुसरी गाडी पाठवा. मी दारात जायची, परत यायची. एक कान वायरलेसला, आणि जीव मनमाडच्या फलाटावर. रफिकभाईंना म्हटलं, आज मला दोन ठिकाणची वाट बघायचीय. ते म्हणाले, खाला, यहाँ तो रोज यही है.

आले बाबा सगळे. काळे, भिजलेले, तो माझ्या माहेरच्या बोलीचा पोरगा सगळ्यांत मागं. मी डोकी मोजली, मग चहा तापवला. त्यांच्या लक्षात आलं मी का थांबले ते, एकजण म्हणाला, माझ्या आईनंपण असंच केलं असतं, आणि सगळे चहा प्याले.

अंधारून यायला लागलं तेव्हा व्हॅन आली. वैशाली उतरेना. मीच गेले, दार उघडून शेजारी बसले. म्हणाली, मोजे पोचले. मग म्हणाली, डाव्या पायाची दोन बोटं काढली आई, बर्फानं गेली, दवाखान्यात हायत, बरे हायत, त्या पोराला त्यांनीच सांगितलं होतं फोनवर बोलू नको म्हणून. आणि हसत होते म्हणे, आईला सांग, नखं कापायचं काम कमी झालं.

मोजे गेले, आणि बोटं आधीच गेलेली. मी म्हटलं, वैशाली, तुला एकटीला ऐकावं लागलं गं माझ्यामुळं. ती म्हणाली, बरंच झालं, मी फलाटावर मोठ्यानं रडले, तुमच्यासमोर नसतं जमलं. आणि मग माझ्यासमोरही रडली. फायरची पोरं बिचारी आत निघून गेली.

पुढं संतोषचा फोन आला. दोघींना एकदम बोलला, आवाज चांगला होता. सुट्टीवर ये म्हटलं, तर म्हणतो, अर्ज केलाय, डॉक्टरनं हो म्हटलं तर परत वर जाईन, माझी पोरं वर हायत. वैशालीनं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. नको जाऊ म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, जेवलास का.

डॉक्टरचं उत्तर अजून नाय. आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाय, पण मोबाईल वाजला की दोघी उठतो. या आठवड्यात इगतपुरी, घोटीकडं निघतोय, तिथल्या फायरवाल्यांनी मोजे जमवलेत, आता वैशालीच म्हणते लवकर निघू. पोरं वर हायतच ना, त्याचा पाय नाय तर दुसऱ्याचा.

बसा, आणखी थोडा चहा घ्या, तुम्ही आलात म्हणून दुपार गेली. आणि निघाल तेव्हा दार ओढून घेऊ नका, आत रेंज येत नाय, उंबऱ्यातच येते, म्हणून मोबाईल तिथं ठेवलाय. जपून जा, सुखी राहा बाबा, तुमचीही पोरं सुखी राहोत.