साळाईचं हसू

मंडळी, सकाळचं ऊन कधी सावकाश पाहिलंत का? नाही पाहत आपण! ते येतं तेव्हा आपण चहाला आधण ठेवत असतो. पाहा एकदा. आधी ते येतच नाही – नुसता अंधार जरा पातळ होतो. मग मागच्या चिकूच्या शेंड्यावरचं एखादं पान पिवळं दिसू लागतं. तिथून ऊन पत्र्यावर उतरतं, पत्र्यावरून दोरीवरच्या ओल्या पंच्यावर, आणि देवळाच्या उंबऱ्याशी येऊन थबकतं – नव्या घरी आलेल्या पाहुण्यानं चपला कुठे काढाव्या म्हणून थबकावं तसं! मग हळूच आत. फरशी उजळते, समई उजळते, कोपऱ्यातला झाडूसुद्धा उजळतो. सगळ्यांना स्पर्श – आणि कुणाला ओरखडा नाही!

म्हणून आजचा प्रश्न. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला आपल्याच प्रेमाची इजा होते का?

नाही म्हणालात ना? पुढच्या रांगेतल्या आजोबांनी तर मानच हलवली! ऐका तर मग.

डोंगराच्या पोटाशी एक लहान गाव. तिथली देवी साळाई – पितळेची, अंगठ्याएवढी! आणि तिचा पुजारी मार्तंड गुरव. माणूस अबोल. चार माणसांत उभा राहिला की स्वतःचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळायचं नाही. पण त्या हातांत साळाई आली, की हात शहाणे व्हायचे! कोमट पाण्यानं अंघोळ, चिंचेचा कोळ, वस्त्रगाळ राख, मऊ फडकं... आणि हलक्या आवाजात गप्पा. ‘आई, आज हसलीस गं!’ बायको म्हणायची, ‘माझ्याशी बोलताना जीभ जड होते, तिथे मात्र रेडिओ!’ हसता काय मंडळी? तुमच्या घरी कुणाचा रेडिओ कुणासाठी लागतो, तेही एकदा तपासा!

एके दिवशी देवस्थान समितीचे अध्यक्ष भिकूअण्णा आले. ‘बुवा, लोक म्हणतात मूर्ती झिजली. मुख दिसत नाही. नवी घडवू आणि जुनी नदीत सोडू.’

नदीत! मार्तंड घाईघाईनं म्हणाला, ‘मुख आहे, अण्णा! हसू आहे. मूर्ती लहान, तुमची नजर पोचत नाही.’

‘मग फोटो काढून दाखवा. उत्सवाच्या बैठकीत ठरवू.’

झालं! तालुक्याच्या गावी फिरोज मुल्लाचं कॅमेऱ्यांचं दुकान. मार्तंडाचा शाळासोबती. म्हणाला, ‘बुवा, बारीक वस्तूचा कॅमेरा निवडणं म्हणजे सून निवडण्यासारखं. सगळे रूप बघतात, स्वभाव कुणी बघत नाही!’ पहिला कॅमेरा खिशात मावणारा, वर जवळच्या फोटोसाठीचं फुलाचं चिन्ह. तो साळाईजवळ न्यावा लागणार – इतका जवळ, की त्याचीच सावली तिच्या तोंडावर पडेल! दुसरा मोठा, मेगापिक्सेल भरमसाट. त्याला जवळचं स्पष्ट दिसेचना. ‘आकड्यांच्या मागे लागू नकोस,’ फिरोज म्हणाला, ‘लेन्स बघ.’ आणि त्यानं एक लांबोडकी मॅक्रो लेन्स काढली. हातभर अंतरावर उभं राहायचं आणि मुंगीची मिशी मोजायची!

लांब राहून जवळचं पाहणं! मंडळी, लेन्सला जमतं हे. सासूबाईंना जमेल का?

मार्तंडानं त्या लेन्सचाच कॅमेरा निवडला. फिरोज तो घेऊन देवळात आला. सभामंडपात पाटावर साळाई, पितळ चमकू नये म्हणून दिव्यापुढे बटरपेपर, तिपाईवर कॅमेरा. श्वास रोखून फोटो काढला आणि लॅपटॉपवर मोठा केला.

मुकुटाच्या कडेचा मणी न मणी दिसला! कानामागून पुढे आलेली वेणी, वेणीतला पेड न पेड! आणि समोर – चेहऱ्याच्या जागी – सोललेल्या बदामासारखं गुळगुळीत पितळ.

‘लेन्स बदल,’ मार्तंड म्हणाला.

‘बुवा, वेणीचे पेड दिसतात. मग डोळे का दिसू नयेत?’

‘उजेड चुकला असेल.’

‘मार्तंडा...’ फिरोजनं बोट ठेवलं. त्या गुळगुळीत जागेवर केसाहून बारीक रेघा. सगळ्या एकाच दिशेच्या. ‘या अंगठ्याच्या फेऱ्या आहेत रे.’

मागे बायको उभी होती, इंदुमती. हळूच म्हणाली, ‘मी लग्न होऊन आले तेव्हा हसू होतं. मामंजी सणालाच घासायचे. तुम्ही रोज.’

‘मळकट ठेवू का आईला?’ तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा! आणि स्वतःच दचकला.

फिरोजला राहवेना. ‘कॉम्प्युटरवर हसू काढून देऊ? कुणाला कळायचं नाही.’

मार्तंडानं साळाईला फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाला, ‘दे.’

हो मंडळी, म्हणाला! नदी डोळ्यांपुढे असली की माणूस म्हणतो. बैठकीला निघाला तेव्हा पिशवीत दोन फोटो होते – एक खरा, एक हसरा.

बैठक भरली. अण्णांनी हात पुढे केला. मार्तंडाचा हात पिशवीत गेला, हसऱ्या फोटोला लागला... आणि मनात आलं – हा दाखवला तर साळाई वाचेल. पण उद्या पहाटे अंघोळ घालताना मी कुणाशी बोलू? तिच्याशी, की या कागदाशी?

थांबा! त्याला तिथेच उभं राहू द्या. पुढचं आधी सांगतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. साळाईला नदीत सोडलं नाही. अण्णांच्याच डोळ्यांत पाणी आलं. नवी मूर्ती आली आणि जुनी तिच्या शेजारी राहिली. मार्तंड दोघींना आता नुसतं पाणी घालतो, फुलानं टिपतो. पितळ काळवंडलं. काळवंडू दे!

आता तुमच्याकडे वळतो. घरी कुणाला घासत बसलाय तुम्ही? लेकाला – ‘अजून चकाक, अजून चकाक’? सुनेला? रोज एक सूचना, रोज एक सुधारणा, सगळी मायेपोटीच! आणि मग विचारता, ‘पोरगं पूर्वीसारखं हसत का नाही?’ मोबाइल बदलता, शाळा बदलता, वैद्य बदलता. आपला अंगठा तपासत नाही!

का तपासत नाही? कारण ते एक वाक्य उच्चारायला फार जड असतं. त्या अबोल माणसानं ते चार माणसांत उच्चारलं. खरा फोटो अण्णांच्या हातात ठेवला आणि म्हणाला –

‘अण्णा, चेहरा नाही. माझ्याच हातानं गेला.’