दुपट्ट्याखालचं बोट

वहिनी, वैशाली, जमलेल्या मंडळींनो, आणि पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर बसून माझ्याकडे रोखून पाहणाऱ्या सईबाई,

जन्मभर मी वर्गात बोललो. फळ्यापुढे उभा राहिलो की कवितेच्या ओळी आपोआप ओठांवर यायच्या. आज अमरावतीहून निघताना उत्तमसाठी चार ओळी पाठ करून निघालो होतो. बडनेऱ्यापर्यंत आठवत होत्या. मूर्तिजापुरात गेल्या. उत्तम असता तर म्हणाला असता, "बरं झालं मास्तर. लोकायले येळेवर घरी जाऊ दे."

मंडळी, उत्तम आणि मी इथे अकोल्यात एका बाकावर बसून शिकलो. मी कवितांच्या मागे लागलो, तो बैलांच्या. मी अमरावतीला मास्तर झालो, तो गुरांच्या बाजारात दलाल. काय तो आवाज! अकोल्यात यानं बैलाला हाक मारली तर बाळापूरचा बैल मान वळवून बघायचा.

नव्या पिढीनं तो बाजार पाहिला नसेल, म्हणून सांगतो. तिथे भाव तोंडानं सांगत नसत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वरून दुपट्टा टाकायचा, आणि आत बोटं धरून भाव करायचा. समोरच्यानं बोट घट्ट धरून ठेवलं, की सौदा पक्का. मग मोडायचा नाही. उत्तमचा सारा कायदा एवढाच होता.

सईचा जन्म अमरावतीचा. तिची आई, उत्तमची सून, आपली वैशाली, तिथेच स्वतः बाळांची डॉक्टर. उत्तम माझ्याकडे उतरला होता. आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. उत्तमनं पाळण्यात डोकावून पाहिलं आणि बाजारातल्यासारखा ओरडला, "आली का माही पोट्टी!"

बाळानं दोन्ही हात फाडकन पसरले, बोटं ताणली, आणि मग हळूच हात छातीशी घेतले.

"पाह्य मास्तर! मले कवेत घ्यायले पाहून राहिली!"

वैशाली बिचारी थकलेली. म्हणाली, "बाबा, ती दचकली. मोठ्या आवाजानं सगळी बाळं असंच करतात. रिफ्लेक्स असतो तो."

"तू डॉक्टर हायेस. मी आजा हावो," असं म्हणून तो पुन्हा ओरडला. पुन्हा हात पसरले. तो पुन्हा ओरडला. शेवटी नर्सनं आम्हां दोघांना बाहेर काढलं. मंडळी, मी तर तोंडही उघडलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी त्यानं बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं. सईनं ते गच्च धरलं. हा गडी तसाच वाकून उभा. कंबर धरली तरी बोट काढून घेईना.

वैशाली म्हणाली, "बाबा, तळहातात काहीही ठेवा, ती धरणार. बोट काय, पेन काय. मनानं धरत नाही ती."

उत्तम काय म्हणाला, ते नीट ऐका. पुढे कामी येणार आहे. म्हणाला, "सूनबाई, बाजारात तरी मनानं कोन धरते? मनात काईबी असो. बोट धरलं का सौदा."

मग आलं ते चालण्याचं प्रकरण. वैशालीच्या घरी आल्यावर एका सकाळी त्यानं सईला काखेत धरून उभं केलं. पाय गादीला टेकले, आणि काय सांगू, त्या इवल्या जिवानं एक पाय उचलला, पुढे टाकला. मग दुसरा. उत्तमचे डोळे कपाळात गेले. "मास्तर! पोट्टी चालली!"

वैशालीनं पुन्हा समजावलं, हासुद्धा रिफ्लेक्सच. पण ज्यानं जन्मभर वासरं पाहिली, त्याला काय समजावणार? "वासरू पडल्याबरोबर उभं राहते ना? थोड्या येळानं चालते ना? मंग आपली पोट्टी का वासरापेक्षा कमी हाये?"

आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. बारशाला अकोल्याहून जीपभर माणसं आली, खास चाल पाहायला. आणि उत्तमनं मला सांगितलं, कविता म्हण. मला काय, निमित्तच हवं असतं. मी उभा राहिलो:

"इवली पाउले टेकली भुई,
चालत निघाली चांदणी सई."

टाळ्या पडल्या. उत्तमनं डोळे पुसले. माझ्या कवितेवर तो रडला, असं तेवढंच एकदा झालं.

सई दोन महिन्यांची झाली आणि चाल बंद पडली. उभं धरलं की पाय दुमडून घ्यायची, झोपाळ्यावर बसल्यासारखी. उत्तमचा फोन आला. "मास्तर, तुह्या कवितेनं दृष्ट लागली."

मी धावत वैशालीच्या घरी गेलो. घरभर मिरच्यांचा धूर. वैशाली खोकत खोकत सांगत होती, "बाबा, ते जायलाच हवं होतं. ते पाय आपोआप चालत होते. आता ती तिच्या मनानं चालायला शिकेल. गेलं नसतं तर मला काळजी वाटली असती."

"मंग पेढे बी मी आपोआप वाटले का?" उत्तम गरजला. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कविता वापस घे."

"अरे, म्हटलेली कविता परत कशी घेणार?"

"बाजारात आनलेला बैल वापस नेता येते, कविता कावून नाही येत?"

मी काही कविता परत घेतली नाही. आणि त्या दिवसापासून उत्तम मला 'तुमी' म्हणायला लागला. बाकावरचा दोस्त, ज्याच्या तोंडी 'तू' सोडून दुसरा शब्द नव्हता, तो आदरानं बोलू लागला. मंडळी, शिवी परवडते. आदर परवडत नाही.

पहिला वाढदिवस झाल्यावर सई इथे अकोल्यात, गाईच्या गव्हाणीला धरून उठली आणि चालली. खरंखुरं. मला वहिनींकडून कळलं. मी पेढे घेऊन आलो. "या मास्तर, बसा. तुमी च्या घ्या. कविता तर नाही आनली?"

"नाही."

"मेहेरबानी तुमची."

चहा वहिनींच्या हातचा, गोडच होता. पण अर्धाच पिऊन उठलो. वाटायचं, एक दिवस हा विसरेल आणि म्हणेल, "काय बे, कसा हायेस तू?" त्या एका 'तू'साठी मी अकोल्याला खेपा घालत राहिलो.

आणि मग त्याला झटका आला. वाचा गेली. 'तू'ही गेलं, 'तुमी'ही गेलं.

मी दवाखान्यात गेलो. डोळे पंख्याकडे लागलेले. मी त्याच्या हातात बोट दिलं. त्यानं धरलं. सोडवायला गेलो तर आणखी आवळलं. मी लहान पोरासारखा ओरडलो, "वैशाली, यानं मला माफ केलं!"

वैशाली जवळ आली. "काका, मेंदूला इजा झाली की बाळपणीचे रिफ्लेक्स परत येतात. आतमध्ये झाकलेले असतात, झाकण निघतं. तुम्ही ओढलं की हात आवळतो."

मी पडलो मास्तर. पडताळा पाहिल्याशिवाय पटत नाही. बोट कसंबसं सोडवलं आणि त्याच्या हातात चष्म्याचं घर दिलं. मंडळी, उत्तमनं चष्म्याचं घरसुद्धा तितक्याच प्रेमानं धरलं! सोडवायला नर्स बोलवावी लागली. मी खाली मान घालून बसलो. पुन्हा बोट दिलं, पण उगीच, सवयीनं.

तेव्हा वहिनी उठल्या. उत्तमचा दुपट्टा उशाशी होता, तो उचलून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. म्हणाल्या, "भाऊजी, उघड्यावर कोन सौदा करते?"

दुपट्ट्याखाली त्याची बोटं माझ्या बोटाभोवती होती. जुन्या बाजारात असायची तशीच. आणि मला त्याचा कायदा आठवला. मनात काहीही असो. बोट धरलं की सौदा.

वैशाली म्हणते तो रिफ्लेक्स होता. खरं आहे, पोरी. विज्ञान तुझ्या बाजूनं आहे. बाजार माझ्या बाजूनं आहे. उत्तम, सौदा झाला लेका. आता तुला तो मोडता येत नाही.

मंडळी, हा माणूस फक्त एका वेळी गप्प असायचा. दुपट्ट्याखाली बोटं बोलत असताना. तेव्हा भोवतीची माणसंही गप्प व्हायची, काय ठरतंय त्याची वाट पाहत. आपण उभं राहू आणि त्याच्यासाठी तसंच गप्प होऊ.

उत्तम, माझा नमस्कार. आणि वर भेट झाली की आदर बिलकुल नको. हाक मार. अमरावतीपर्यंत ऐकू येईल अशी. मी दचकलो आणि हात पसरले, तर समज, तुला कवेत घ्यायलाच पसरले.