जिवंत माणसाच्या फोटोला हार

जबाब

नाव: सुरभी घनश्याम भोयर, वय २३ वर्षे, धंदा: लग्नसमारंभाचे फोटो काढणे, रा. पिंपळधरा, ता. राळेगाव, जि. यवतमाळ.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. आमच्या शेजारी वामनराव ढवळे, वय ७१, हे एकटे राहतात. त्यांचा मुलगा ऋतिक पुण्यात नोकरीला आहे. वामनरावांना मी आबा म्हणते. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे आणि ती करावी लागते याचाच मला संताप आहे.

पुण्याच्या एका संस्थेच्या नवोदित छायाचित्रकार पुरस्कारासाठी मी आबांचा फोटो पाठवला होता. त्यांच्या घरात यंदाचा कापूस भरलेला आहे. त्यात ते छातीपर्यंत रुतून बसले होते, तसाच मी फोटो काढला. स्पर्धा काळ्यापांढऱ्या फोटोंची होती. मागच्या आठवड्यात पहिला क्रमांक आल्याचा फोन आला. मात्र मूळ फाइल तपासल्याशिवाय निकाल जाहीर करत नाहीत. ती पाठवण्याची मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत आहे. फाइल फक्त कॅमेऱ्यातल्या कार्डावर आहे. दुसरीकडे उतरवून ठेवली नाही, हा माझा गाढवपणा.

माझ्या वडिलांचा आनंद गगनात मावेना. मला न विचारता त्यांनी राळेगावच्या पिंटू फ्लेक्सवाल्याकडून तो फोटो मोठा करून आणला आणि आमच्या एसटी थांब्यावर बांधला. पिंटूने फोटोला झेंडूचा हार टाकला होता. मी फोनवर झापले तेव्हा तो म्हणाला, "काळापांढरा म्हातारा आला का आपण हार टाकतोच ना ताई, हात बसला हाये." वडिलांना तो हार सत्काराचा वाटला. खाली माझे अभिनंदन लिहिले होते, ते पानठेल्याच्या ताडपत्रीआड गेले.

एसटीतल्या लोकांनी पाहिले आणि तो फ्लेक्स मोबाइलवरून सगळीकडे फिरला. त्याच दुपारी आबांची बहीण तानाबाई मारेगावहून रडत आली. आबा ओट्यावर भाकर खात होते. तिने आधी गळा काढला, मग त्यांना पाहिले, मग त्यांनाच शिव्या दिल्या. शेजारचे म्हणाले, अशी बातमी उठली की आयुष्य वाढते. आबा म्हणाले, "माह्यं वाढलं असन, आता या पोरीचं कमी करतो." मी माफी मागायला गेले, तर त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला.

मला वाटले, राग आहे, उतरेल. मी फ्लेक्स सोडायला गेले, तर आबांनी सोडू दिला नाही. ते म्हणाले, "राहू दे. हा फोटो पाहून ऋतिक येऊन राह्यला असन. त्याले कोणी काही सांगू नोका. तुह्या बक्षिसाचं पेपरात आलं का त्याले समजन मी जिता हावो म्हणून. तो आला का घेऊन जाय तुहा कॅमेरा." तेव्हापासून ते रोज थांब्यावर जाऊन बसतात, स्वतःच्याच हार घातलेल्या फोटोखाली. येणारेजाणारे हसतात. हसण्यासारखे आहे हे मलाही कळते, पण मला हसू येत नाही. चार वर्षे लोकांच्या लग्नात धक्के खात शिकले, त्यानंतर आता कुठे माझे नाव कोणी तरी घेतले आहे.

काल मी ऋतिकला फोन केला. तो म्हणाला, "मले माहीत हाये. गाडीत बसलोच होतो मी. तेवढ्यात आत्याचा फोन आला, बाबा जिता हाये म्हणून. मंग उतरलो." मी म्हटले, आता तरी ये. तो म्हणाला, "आता कायले?"

हे मी आबांना सांगितलेले नाही. सांगितले तर कॅमेरा या क्षणी माझ्या हातात येईल, हे मला पक्के माहीत आहे. माझी चोरीची फिर्याद नाही. तुम्ही आपल्या पद्धतीने समजावून मला तेवढे कार्ड मिळवून द्यावे. ऋतिकचे बोलणे मात्र त्यांच्या कानावर घालू नये, मग कार्ड नाही मिळाले तरी चालेल.

आबा माझ्या मागोमाग आले असून कॅमेरा खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसले आहेत. म्हणून हा जबाब माझ्या विनंतीवरून दार लोटून, हळू आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.