वरणापुरती चिप

नको गं, भांड्यांना हात लावू नकोस, आज तू घर बघायला आलीयस ना – बस त्या स्टुलावर, बाहेर सिडकोच्या प्लॉटवरून चाललंय, पुरुषमंडळी तासभर काही उठत नाहीत. काय बघतेस? कुकरशेजारचा डबा? ती आमच्या केयूरची चिप. म्हणजे त्यानं नाही बनवली, तीच तर गंमत – रबाळ्याला कंपनीत त्यांचं एक सॉफ्टवेअर आहे, आपण नुसता प्रोग्राम लिहून द्यायचा, ते वाचतं आणि तेवढ्याच कामापुरता प्रोसेसर आपोआप आखून देतं. प्रोग्राममध्ये नाही ते चिपमध्ये नाही, फुकटची एक तार घालत नाही. ह्यानं लिहिलं, वरण, तीन शिट्ट्या – तर तिसरीला डबा असा बोंबलतो की खालचा वॉचमन वर येतो. राजमा? छे गं, त्याला तीनच्या पुढे मोजताच येत नाही. राजम्याला वेगळी चिप लागेल म्हणाला, बटाट्याला वेगळी. म्हणून आज डबा बंद ठेवलाय, शिट्ट्या मीच मोजतेय.

मुलगा हुशार आहे पण. सुपारीचं खांड खात नाही. चहा? नाही, चहा येत नाही त्याला. अंडं उकडायचं तर – जाऊ दे. बाहेर बोलू नकोस हं, दिवाळीत ह्यानं काय करावं? गंमत म्हणून आमच्या घराचाच प्रोग्राम लिहिला. सहाला दूध, सव्वासहाला चहा, सातला डबा, इस्त्री, पाणी भरणं, सगळं – आणि दिला त्या सॉफ्टवेअरला. आलं की चित्र छापून, एवढा मोठा कागद, चौकोनच चौकोन. बाबांचा चौकोन, दिवसातून दोनदा काम. ह्याचा स्वतःचा, जेवण आणि बूट. आणि मधोमध एक, सगळ्या रेघा त्यालाच – आई. म्हणाला, "आई, सगळा लोड एकाच युनिटवर येतोय गं." डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगते. सत्तर साली लग्न झालं, सत्तावीस वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. वाटलं, आता हा निदान आपला कप तरी विसळेल.

विसळतोय कसला. पुढच्या रविवारी वाशीच्या वधूवर मंडळात नाव घालून आला. म्हणाला, अजून एक युनिट जोडलं की झालं. आणि मी येडी, हसले गं त्यावर, शेजारीपाजारी कौतुकानं सांगत सुटले – अगं बाई. म्हणजे ते दुसरं युनिट –

कितवी ही शिट्टी? सहावी? बंद कर तो गॅस, राजम्याचा पार गाळ झाला असेल.

क्षिप्रा, ऊठ. बाहेर जा आणि तुझ्या आईला हळूच सांग, मुलगा पसंत नाही. – रागावते कशाला मी, उलट. आणि जाताना केयूरला आत पाठव. सात कप चहा टाकायचाय म्हणावं. साखर कुठे आहे ते मी सांगणार नाही.